दाखल करून घेतो

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा आजार, एखादी लस किंवा एखादी नवी उपचारपद्धती यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. यंदा मी जो विषय निवडला आहे तो वरकरणी भाषेचा वाटेल; परंतु तो दवाखान्याच्या दारातच उभा आहे. आत जाणे, आत घेणे आणि आत घेतले जाणे या अगदी साध्या क्रियांसाठी इंग्रजीत पुष्कळ शब्दप्रयोग आहेत. त्यांतले काही आपण डॉक्टर मंडळींनी इतके आत्मसात केले आहेत की, ते परके आहेत हेही आता जाणवत नाही. शब्द उसने घेण्यात गैर काही नाही. मात्र या विशिष्ट शब्दांबरोबर आपली एक जबाबदारी वाक्याबाहेर गळून पडली आहे, असे माझे मत आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘ॲडमिट’, ‘ॲक्सेस’ आणि ‘एन्ट्री’ हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘ॲडमिट’ हे लॅटिनमधल्या ‘कडे पाठवणे, जाऊ देणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून आले. म्हणजे हे मुळात दारावर उभ्या असलेल्या माणसाचे क्रियापद आहे. नाटकसिनेमाच्या तिकिटावर ‘ॲडमिट वन’ असे छापलेले असते, ती द्वारपालाला केलेली आज्ञा असते : एकाला आत सोड. ‘ॲक्सेस’ हा शब्द ‘जवळ जाणे’ या क्रियेपासून आला. तो जाणाऱ्याचा शब्द आहे. आणि ‘एन्ट्री’ म्हणजे नुसते आत शिरणे. ते पाहुण्याचेही असते आणि चोराचेही.

इंग्रजी माणूस या नामांना पुन्हा निरनिराळी क्रियापदे जोडतो. प्रवेश ‘ग्रँट’ केला जातो, ‘डिनाय’ केला जातो, ‘सिक्युअर’ केला जातो आणि सर्वांत जास्त वेळा तो ‘गेन’ केला जातो. ‘गेन’ म्हणजे कमावणे, पदरात पाडून घेणे. पोलीस दार फोडून घरात जातात तेव्हा ते ‘गेन एन्ट्री’ करतात. दारोदार हिंडणारा विक्रेता दार बंद होऊ नये म्हणून उंबऱ्यावर पाय रोवून ठेवी. त्यावरून पहिला शिरकाव मिळवण्याला ‘दारात पाय घालणे’ अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार रूढ झाला. आपल्याकडे यासाठी ‘चंचुप्रवेश’ हा किती सुबक शब्द आहे! तिकडे बूट, इकडे पाखराची चोच. आणखी एक गंमत अशी की, ‘ॲडमिशन’ म्हणजे प्रवेश आणि ‘ॲडमिशन’ म्हणजेच कबुलीही. दारावरच्या ‘नो ॲडमिटन्स’ या पाटीला मात्र कबुलीचा हा दुसरा अर्थ चिकटलेला नाही. माणसाला घरात घेणे आणि सत्याला मनात घेणे या दोहोंसाठी एकच क्रियापद असावे, हे मला फार बोलके वाटते.

आम्हां बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामात ‘ॲक्सेस’ या शब्दाला एक खास स्थान आहे. जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेले सहा महिन्यांचे मूल समोर असते, हातपाय गार पडलेले असतात, आणि ‘व्हॅस्क्युलर ॲक्सेस’ मिळत नसतो. सिस्टर साध्या शब्दांत म्हणते, “सर, शीर सापडत नाही.” अशा वेळी एका मर्यादेपलीकडे शीर शोधत न बसता नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन सुरू करावे, हे आता सर्वमान्य आहे. येथे ‘गेन’ हे क्रियापद अगदी चपखल बसते. शरीर खरोखरच मिटलेले असते आणि आत जाण्याची वाट झगडून मिळवावी लागते.

पण तेच क्रियापद जेव्हा ‘ॲक्सेस टू हेल्थकेअर’ या शब्दसमूहाबरोबर येते, तेव्हा मी अस्वस्थ होतो. परिषदांतून, अहवालांतून, सरकारी योजनांच्या प्रास्ताविकांतून आपण वाचतो की, अमुक वर्गाला आरोग्यसेवेचा ‘ॲक्सेस’ नाही, किंवा त्याने तो ‘गेन’ केला पाहिजे. वाक्यात गरीब आहे, सेवा आहे. दारावर उभा असलेला माणूस मात्र कोठेच नाही. शीर मिटते ती निसर्गाने. दार मिटते ते कोणीतरी मिटलेले असते. हा ‘कोणीतरी’ वाक्यातून नाहीसा झाला की, जणू आत न येऊ शकणे हा बाहेर उभ्या असलेल्याच्याच प्रयत्नांतला उणेपणा ठरतो.

आता आपल्या भाषेकडे येऊ. ‘दाखल’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीतही आला आणि गुजरातीतही. आपण बडोदेकर घरी ‘दाखल’ म्हणतो आणि बाहेर शेजारीही ‘दाखल करवुं पडशे’ म्हणतो. भाषांतराची गरजच पडत नाही. परंतु मराठीने या उसन्या शब्दाचा जो संसार मांडला आहे तो पाहण्यासारखा आहे. रुग्ण दाखल ‘होतो’. नातेवाईक त्याला दाखल ‘करतात’. आणि रुग्णालय त्याला दाखल ‘करून घेते’. एकाच प्रसंगातल्या तीन पक्षांना तीन क्रियापदे. त्यांतले तिसरे मला सर्वांत मोलाचे वाटते. ‘समजून घेणे’, ‘सांभाळून घेणे’, ‘सामावून घेणे’ यांतला तो ‘घेणे’ येथे आहे. हे सहायक क्रियापद लावले की, करणाऱ्याला स्वतःला बाजूला ठेवताच येत नाही. “दाखल करून घेतो” असे म्हणताच ऐकणारा विचारतो, कोण घेतो? आणि उत्तर देणे भाग पडते : मी घेतो, आम्ही घेतो.

याउलट आपण ओपीडीत काय म्हणतो? “ॲडमिट करावं लागेल.” कोणी करावे, का करावे, कोणाला ‘लागेल’, यांपैकी काहीच त्या वाक्यात नाही. दोष एकट्या इंग्रजीचा नाही, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘करावं लागेल’ ही आपलीच मराठी पळवाट आहे. इंग्रजीचे कर्मणी प्रयोग आणि आपली ही ‘लागेल’, ‘होईल’, ‘चालणार नाही’ अशी वाक्ये यांची गट्टी जमली, आणि डॉक्टर वाक्यातून अलगद बाहेर पडला.

कोणी म्हणेल, ‘ॲडमिट’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही कळतो. मग अडचण कोणती? खरे आहे, शब्द कळतो. छोटा उदेपूरकडून आलेल्या आजीलाही तो कळतो. परंतु तिला त्यातून कळते ते एवढेच की, प्रकरण गंभीर आहे आणि पैसे लागणार आहेत. मुलाला नेमके काय झाले आहे, किती दिवस राहावे लागेल, खर्च साधारण किती, आई जवळ राहू शकेल की नाही, या तिच्या मनातल्या चारही प्रश्नांना तो शब्द स्पर्श करीत नाही. ‘ॲडमिट’ म्हटले की आपले सांगून झाले, असे आपल्याला वाटते. तिचे ऐकणे मात्र तेथून पुढे सुरू व्हायचे असते.

म्हणून मी पूर्ण वाक्य बोलण्याचा आग्रह धरतो. “बाळाला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत, रात्री ते वाढू शकतात, म्हणून आम्ही त्याला दाखल करून घेतो. आई त्याच्याजवळ राहील. उद्या सकाळी तपासून मी पुन्हा सांगेन.” घड्याळ लावून पाहिले तर याला पंधरा सेकंद लागतात. पण या पंधरा सेकंदांत कारण सांगितले गेले, घेणारा कोण ते सांगितले गेले, आईची जागा सांगितली गेली आणि पुढच्या भेटीची वेळही. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला घरी फोनवर काय सांगायचे ते समजले. ‘ॲडमिट केलंय’ एवढाच निरोप गावी पोहोचला, तर तेथे रडारड सुरू होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हीच गोष्ट नकाराची. “बेड नाही.” या दोन शब्दांत नकार देणारा कोणी नसतोच, खाटच जणू नकार देते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला या कर्ताहीन नकारांची दखल घ्यावी लागली आहे. परमानंद कटारा यांच्या याचिकेमागे एका स्कूटरस्वाराचा मृत्यू होता. अपघातानंतर जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून त्याला घेतले नाही, वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयात जाण्यास सांगितले, आणि तो वाटेतच गेला. १९८९ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले की, जीव वाचवण्याचे कर्तव्य सरकारी वा खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे आहे आणि कायद्याच्या औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाहीत. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हकीम शेख यांचे प्रकरण आले. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या मजुराला १९९२ च्या जुलैमध्ये एकामागून एका सरकारी रुग्णालयात नेले गेले. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून त्यांच्यावर उपचार झाले. सरकारी रुग्णालयांनी वेळेवर उपचार नाकारणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि पंचवीस हजार रुपयांची भरपाई देवविली. दोन्ही निकालांचा सारांश माझ्या दृष्टीने व्याकरणाचाच आहे : न्यायालयाने वाक्याला कर्ता परत दिला.

खाट खरोखरच नसते, व्हेंटिलेटर खरोखरच रिकामा नसतो, असे प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकावर येतात. लहान नर्सिंग होम चालवणाऱ्या सहकाऱ्यांच्या मर्यादा मी जाणतो. अशा वेळी ‘घेतो’ असे खोटे म्हणावे, असे माझे म्हणणे नाही. पण नकारालाही कर्ता असू शकतो. “माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही. तोवर ऑक्सिजन लावतो, मोठ्या दवाखान्यात मी स्वतः फोन करतो, तिथे जागा पक्की झाली की चिठ्ठी देऊन पाठवतो.” हाही एक प्रकारचा प्रवेशच आहे. रुग्ण आपल्या खाटेवर आला नाही. आपल्या जबाबदारीत मात्र आला.

या विषयाची सर्वांत हळवी बाजू नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराशी आहे. बाळाला ‘काचेत ठेवले’ असे आपल्याकडे म्हणतात. त्या काचेच्या आधी एक दार असते आणि त्यावर पाटी असते : ‘नो एन्ट्री’. ज्या शब्दाने चोराला अडवायचे त्याच शब्दाने आपण आईला अडवतो. तिला ठरावीक वेळी सोडतो तेव्हा त्या वेळेला ‘व्हिजिटिंग अवर’ म्हणतो. प्रसूतीच्या तिसऱ्या दिवशी आई स्वतःच्या बाळाकडे पाहुणी म्हणून येते!

ही रीत आपण इंग्रजांकडून घेतली आणि इंग्रजांनी ती बरीच आधी टाकून दिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स या बालरोगतज्ज्ञांनी १९२० च्या दशकातच आजारी तान्ह्या मुलांबरोबर आयांनाही रुग्णालयात ठेवून घेण्यास सुरुवात केली होती. तरीही बहुतेक ठिकाणी आईबापांना आठवड्यातून मोजकाच वेळ भेटू दिले जाई. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या पडलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक माहितीपट केला. तो पाहून अनेक डॉक्टर चिडले होते म्हणतात. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने मात्र स्पष्ट शिफारस केली की, मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना भेटीची बंधने नसावीत आणि लहान मुलांबरोबर आईच्या राहण्याची सोय असावी. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटरांच्या टंचाईवर उपाय म्हणून कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी ठेवण्यास सुरुवात केली. गरजेपोटी उघडलेले ते दार पुढे शास्त्राने कायमचे उघडे केले.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला, भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांतला अभ्यास आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. आपल्याकडून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईजवळ कांगारू पद्धतीने ठेवले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. यासाठी आईला अतिदक्षता विभागातच चोवीस तास खाट द्यावी लागली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारने त्याआधीच, २०१७ मध्ये, आजारी नवजात बाळांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. म्हणजे शास्त्र आणि शासन दोघेही सांगत आहेत की, आई ‘व्हिजिटर’ नाही. एखाद्या औषधाने शंभरांत तीनचार जीव अधिक वाचले असते, तर आपण ते दुसऱ्या दिवशी मागवले असते. येथे मागवायचे काहीच नाही. हात धुण्याची सोय, एक खाट आणि पाटी बदलणे एवढेच आहे. जंतुसंसर्गाची भीती मी हलकी लेखत नाही. परंतु हात धुवायला शिकवलेली आई ही त्या विभागातली सर्वांत काळजीपूर्वक वागणारी व्यक्ती असते, हा माझा अनुभव आहे.

प्रवेशाचे दुसरे मोठे दार शिक्षणाचे. पूर्वी घरोघरी “मुलाला शाळेत घातलं” असे म्हणत. आता ‘ॲडमिशन मिळाली’ असे म्हणतात. मेडिकलच्या बाबतीत तर “नंबर लागला”, जणू सोडतच. आम्ही डॉक्टर कोणत्या दाराने आत आलो, ते विसरून चालणार नाही. १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा मेडिकल कॉलेजकडे एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचा अर्ज आला, तेव्हा प्राध्यापकांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला आणि विद्यार्थ्यांनी ती थट्टा समजून एकमुखाने होकार दिला. थट्टेत उघडलेल्या त्या दारातून १८४९ मध्ये अमेरिकेतली पहिली पदवीधर स्त्री-डॉक्टर बाहेर पडली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश तर दिलाच, शिवाय घरातही आसरा दिला. आनंदीबाईंनी प्रवेश ‘मिळवला’ हे शंभर टक्के खरे. पण बॉडलीबाईंनी त्यांना ‘घेतले’, हेही तितकेच खरे. दोघींची नावे एकत्र घेतली तरच ती घटना पूर्ण होते.

बडोद्याच्या माणसाला तर हे वेगळे सांगायला नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. मुलांनी शाळेचा ‘ॲक्सेस गेन’ करावा, असे त्यांनी म्हटले नाही. दार उघडले आणि आत घेण्याची जबाबदारी संस्थानाने स्वतःवर घेतली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात जाता आले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. त्याच गावात आज माझ्याकडे तीन वर्षांच्या मुलांना घेऊन पालक येतात आणि “नर्सरीच्या इंटरव्ह्यूत तो बोलला नाही, काही दोष तर नाही ना?” असे विचारतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आहे. मुलात दोष नसतो. अनोळखी माणसापुढे न बोलणे हे तीन वर्षांच्या वयाचे शहाणपण आहे. दोष दारात आहे, आणि तसे मी त्या पालकांना स्पष्ट सांगतो.

केसपेपर इंग्रजीतच असावा, याबद्दल माझा वाद नाही. रुग्ण दुसरीकडे जातो, विमा कंपनी कागद मागते, न्यायालय मागते. कागदावर ‘ॲडमिटेड’ खुशाल असो. प्रश्न तोंडातल्या वाक्याचा आहे. यासाठी आपल्या मंडळाने तीन छोटी कामे हाती घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. एक, दाखल करताना, अन्यत्र पाठवताना आणि अतिदक्षता विभागात नेताना बोलायची साधी वाक्ये मराठी, गुजराती व हिंदीत एका पानावर छापून सर्व सभासदांना द्यावीत. दोन, रुग्णाशी पहिले बोलणारा माणूस डॉक्टर नसतो. खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना आणि सिस्टरांना ती वाक्ये शिकवावीत. तीन, ज्यांच्याकडे नवजात विभाग आहे त्यांनी आईपुरती तरी ‘नो एन्ट्री’ची पाटी उतरवून तेथे लिहावे : ‘आईने हात धुऊन आत यावे.’

आपले पूर्वज या शहरात आले, तेव्हा त्यांनाही कोणीतरी दाखल करून घेतले होते. दरबाराने चाकरी दिली, शेजाऱ्यांनी भाषा दिली. दोन-अडीचशे वर्षांनंतर आपण येथे उपरे राहिलो नाही, कारण घेणाऱ्यांनी ‘घेणे’ या क्रियापदाचा अर्थ पाळला. आता दारावर आपण उभे आहोत. समोर ताप आलेले मूल घेऊन कोणी येईल तेव्हा निदान एवढे करावे : कर्त्यासह पूर्ण वाक्य बोलावे.